पाय गरम आहेत

४ जानेवारी

नाताळात सुन्नाने ही वही दिली. म्हणाली, "आई, तुझी चिडचिड बाबांवर काढतेस, त्यापेक्षा यात काढ." मुलगी शहरात राहायला गेली की अशी शहाणी होऊन परत येते. ठीक आहे, काढते.

पहिली चिडचिड म्हणजे अर्थात आइलू, माझा नवरा. गेल्या हिवाळ्यात पठारावर त्याच्या बर्फावर चालणाऱ्या स्कूटरचा पट्टा तुटला आणि हा गृहस्थ कारखान्यात केलेले रबरी बूट घालून घरापर्यंत चालत आला. दोन्ही पायांची बोटं गोठून मेणासारखी झाली होती. डॉक्टरीणबाई माझ्यासमोर म्हणाल्या, "या वेळी वाचली. पुन्हा गोठली तर कापावी लागतील." मग त्याला एकट्याला आत नेलं, बराच वेळ तपासलं. बाहेर आल्यावर विचारलं, "काय म्हणाल्या?" तर म्हणे, "सगळं ठीक." अजून काय म्हणाल्या? "सगळं ठीक म्हटलं ना, राउना!" या माणसाच्या तोंडातून शब्द काढायचा म्हणजे नाकी नऊ येतात.

त्या पायांमुळे मागच्या एप्रिलमध्ये रेनडिअरचा कळप समुद्राकडच्या कुरणांत न्यायला पुढची स्कूटर लेमेतने चालवली. लेमेत म्हणजे धाकटा दीर. आइलू मागे घरी, खिडकीत. तेव्हापासून त्याच्या मनात एकच आहे, या एप्रिलमध्ये पुढची स्कूटर माझी. माझं म्हणणं एवढंच की आधी एप्रिलपर्यंत दहा बोटं शिल्लक ठेव.

आणि ती ठेवायची तर माझ्या हातचे बूट घाल! लग्न झाल्यापासून सांगतेय. "जड होतात." "केस गळतात." "घोट्याशी ढिले आहेत." "डावा उजव्यापेक्षा मोठा आहे." एकदा तरी बरं म्हणाला असेल तर शपथ.

८ जानेवारी

सुन्नाने बापासाठी बॅटरीवर तापणारे मोजे पाठवले. बॅटरीवर! आपल्या आईला कातडी बूट शिवता येतात हे ही मुलगी विसरली बहुतेक. आइलू लगेच घालून कळपावर गेला, मला चिडवायलाच.

आज परत आला. मोजा काढला तर अंगठ्याखाली टपोरा फोड, चक्क भाजल्याचा.

"अरे, तुला कळलं नाही?"

"स्कूटर चालवत होतो. लक्ष नव्हतं."

"पाय भाजेपर्यंत लक्ष नव्हतं?"

"राउना, कॉफी देतेस की चौकशी करतेस?"

फोनवर सुन्नाला चांगली सुनावली. तिचं आपलं एकच, "पण आई, बाबांना कळलं कसं नाही?" मी म्हटलं, तुझ्या मोज्यांत दोष आहे, बाबांत नाही. बापात दोष आहेत, पण ते वेगळे. मोजे गोठ्यातल्या खोक्यात टाकले.

आता मीच नवे बूट शिवणार. रेनडिअरच्या पायांचं कातडं शरदातच विलो झाडाच्या सालीत कमावून ठेवलंय. बघू मग कोण काय बोलतं.

१२ जानेवारी

पाठ मोडली. तळ शिवणं म्हणजे काय ते त्यालाच कळतं ज्याने शिवलंय. तळाला रेनडिअरच्या कपाळाचं कातडं, अर्ध्या भागाचे केस पुढे आणि अर्ध्याचे मागे, म्हणजे बर्फावर घसरत नाही. धागा रेनडिअरच्या स्नायूच्या तंतूंचा, गालावर घासून वळलेला. सुई तीन धारांची, आखूड, माझी लाडकी. दुसरी कुठली सुई या कातड्यातून सरळ जातच नाही.

दुपारी उजव्या बुटाच्या टाचेशी आले होते तेवढ्यात जाऊबाई हजर. किर्स्ते, लेमेतची बायको. हिला बरोबर कळतं मी कधी कामात आहे ते. उठले, कॉफी टाकली, आमच्याकडे घालतात तसे तीत चीजचे तुकडे घातले, सुकं मांस कापून दिलं. बसली दोन तास. लेमेत असं म्हणतो, लेमेत तसं म्हणतो. मग हळूच, "जाऊबाई, भाऊजींना या वर्षी तरी झेपेल ना हो एप्रिलचं? नाही म्हणजे लेमेत तयारच आहे." मी म्हटलं, "त्यांना न झेपायला काय झालंय?" मांस संपवून गेली.

१३ जानेवारी

सुई नाही! कमरेला लटकवलेल्या हाडाच्या सुईघरात नाही, टेबलावर नाही, जमिनीवर नाही. चुंबक घेऊन अख्खी चटई पालथी घातली. माझी सुई काम झालं की सुईघरात जाते. काल ती बाई येऊन गेली आणि आज सुई नाही. मला काही म्हणायचं नाही, पण किर्स्तेची सुई गेल्या वसंतात मोडली होती हे मला पक्कं माहीत आहे.

दुसऱ्या बोथट सुईने राहिलेले टाके घातले. अंगठ्याची साल गेली.

१५ जानेवारी

हे लिहून ठेवलंच पाहिजे.

आइलूने बूट घातले. आमच्यात मोज्यांऐवजी बुटात वाळलं गवत भरतात, आणि ते ज्याचं त्याने भरायचं असतं. आपल्या पायाचा आकार आपल्यालाच कळतो, बायकोने भरलेल्या गवतात कुणी चालत नाही. त्याने ऑगस्टमध्ये कापून कुटून ठेवलेल्या गवताची गुंडाळी सोडली, पायाभोवती घरट्यासारखी बसवली, घोट्याला पट्टे गुंडाळले आणि स्कूटरवरून नदीपर्यंत फेरी मारून आला. बाहेर उणे पस्तीस.

"पाय गरम आहेत," म्हणाला.

मी वाट बघत होते. आता 'पण' येणार.

"असे बूट मी कधी घातलेच नव्हते, राउना. थंडी अशी वाजतच नाही."

मी चुलीकडे तोंड करून उभी राहिले. एवढ्या वर्षांनी! डोळ्यांत पाणी आलं, मेलं ते. संध्याकाळी मांसाचा रस्सा केला आणि मज्जेची सगळी हाडं त्याच्या ताटलीत घातली.

२२ जानेवारी

आठवडाभर कळपावरच्या झोपडीत राहून आला. हिवाळ्यातल्या कित्येक आठवड्यांच्या रात्रीनंतर सूर्य परत आला, घटकाभर टेकडीच्या वर डोकावला. तेवढीच एक चांगली गोष्ट.

बाकी कटकट. याने आठवडाभर बुटातलं गवत काढलंच नाही! रोज संध्याकाळी गवत काढायचं, चुलीवर टांगून वाळवायचं, सकाळी कोरडं भरायचं, हे आमच्याकडे पोरांना बोलायच्या आधी येतं. घामाने ओलं झालेलं गवत म्हणजे पायाला बर्फ बांधल्यासारखंच. विचारलं तर म्हणतो, "गरम होते. कशाला काढू?"

"वेडा आहेस का तू? ओलं गवत टोचतं, गार लागतं, कुजतं!"

"मला नाही लागलं गार. तुझेच बूट आहेत, तूच तक्रार करतेस?"

बाहेरच्या पडवीत जाऊन त्याने गवत बदललं, दार लावून. आणि आणखी एक नवं खूळ, मोजे घालून झोपतो. म्हातारचळ लागला की काय!

२६ जानेवारी

लेमेत आला. दारातूनच सुरू. "वहिनी, तुमचे ते बूट घसरतात."

मी म्हटलं, "काय?"

"दादा स्कूटरवरून उतरताना दोनदा पडला. पाय खाली टेकतो आणि सरळ आडवा. मी म्हटलं, बघून तरी ठेव रे पाय."

माझे बूट घसरतात! मी तिथेच बूट उलटे करून त्याच्या नाकाखाली धरले. हे बघ, हे केस पुढे, हे मागे. यात कुठे घसरायला जागा आहे? तुझ्या बायकोने शिवलेत का हे? त्याने आइलूकडे बघितलं. आइलूने बूट माझ्या हातातून काढून घेतले. मग म्हणाला, "बूट नाही घसरले. मी घसरलो."

निदान तेवढं तरी बोलला. लेमेत जाताना पुन्हा, "एप्रिलचं काय ते लवकर ठरवू, दादा." आइलूने त्याच्यामागे दार जरा जोरातच लावलं.

त्याआधी तो निघता निघता मीही त्याला ऐकवलं होतं, "किर्स्तेला म्हणावं, काम झालं असेल तर माझी सुई परत कर."

३१ जानेवारी

किर्स्ते बोलायची बंद झाली. दुकानात समोरून आली आणि पिठाच्या पोत्यांकडे बघत निघून गेली. एवढा राग येतो म्हणजे मनात काहीतरी असणारच.

इकडे माझ्या बुटांचं नाव झालंय. आइलू सगळ्यांना सांगतोय, पाय गरम आहेत, पाय गरम आहेत. गावातल्या दोघींनी जोड्या शिवून मागितल्यात. मागा, पण सुई कुठाय?

कुत्र्याने उच्छाद मांडलाय. आइलू घरात आला की काळ्या त्याच्या उजव्या बुटाला नाक लावून बसतो, टाच चाटतो, हाकलला तरी परत. म्हणजे कातडं नीट कमावलं गेलं नाही, वास राहिलाय. हे कुणाच्या लक्षात यायच्या आत पुढच्या वर्षी साल जास्त घालायला हवी. सगळी माझीच चूक, दुसऱ्या कुणाची असणार!

९ फेब्रुवारी

आजचं आजच लिहिते.

सकाळी उणे बेचाळीस. मी म्हटलं, आज जाऊ नकोस. म्हणाला, अशाच दिवशी कळप फुटतो, लांडगे येतात. गेला. नेहमीची सगळी तयारी करून गेला तो, उगाच दोष देणार नाही. आत लोकर, वर फरचा डगला, सीटवर कातडं, नाकापर्यंत रुमाल, दर थोड्या अंतराने उतरून स्कूटरबरोबर धावायचं म्हणजे रक्त फिरतं. धावलाही असेल. धावलाच असणार.

दुपारी परत आला. भुवया पांढऱ्या, गाल लाल, मजेत होता. कळप एकत्र आहे म्हणाला. "आणि पाय?" "पाय गरम आहेत." बसला आणि उजवा बूट ओढायला लागला. निघेना. काळ्या भुंकायला लागला. मी म्हटलं, सरक, मी ओढते. त्याने पाय मागे घेतला.

"मी काढतो. पडवीत जाऊन काढतो."

"काय पडवी पडवी लावलंयस? दे इकडे!"

दोन्ही हातांनी धरून ओढला. बूट आला, पण गवत आलं नाही. ते पायाला चिकटलं होतं. काळं होतं आणि कडक. आधी मला वाटलं बर्फ. वाकून बघितलं तर रक्त, जुनं वाळलेलं आणि त्यावर आजचं ओलं. टाच सुजून लाल झालेली, वास येत होता. मी गवत बाजूला केलं. मधोमध काहीतरी चमकलं.

माझी सुई. मागचं टोक तेवढं बाहेर, बाकी सगळी टाचेत.

मी ओरडले. कशी ओरडले मला आठवत नाही. आणि तो, आइलू, कॉफीचा कप हातात धरून माझ्या तोंडाकडे बघत होता. पायाकडे नाही. माझ्याकडे.

"काय झालं गं? का ओरडतेस?"

११ फेब्रुवारी

इस्पितळ. सुई काढली, टाच चिरून पू काढला. ताप आहे, पण उतरेल म्हणतात. पाय राहील. हे त्यांच्या तोंडून ऐकेपर्यंत मी खुर्चीवर बसले नाही.

त्याच डॉक्टरीणबाई. म्हणाल्या, "मी गेल्या वर्षी यांना सांगितलं होतं. गोठल्यामुळे पायातल्या नसा मेल्यात, उजव्यात काहीच जाणीव नाही, डाव्यात थोडी आहे. रोज डोळ्यांनी पाय बघायचे, शक्य तर दुसऱ्या कुणीतरी बघायचे. तुम्हाला बोलले नाहीत?"

नाही बोलले. सगळं ठीक, एवढंच बोलले.

आत गेले. आडवा पडून छताकडे बघत होता.

"मला का नाही सांगितलंस?"

"तू स्कूटरची किल्ली काढून घेतली असतीस."

"घेतलीच असती!"

"मग? लेमेत पुढे आणि मी खिडकीत. परत."

"आणि ते बूट? असे बूट कधी घातलेच नव्हते म्हणालास ते?"

त्याने चादर वर ओढली. मग म्हणाला, "थंडी खरंच वाजत नव्हती, राउना. खोटं कुठे बोललो?"

मला त्याला मारावंसं वाटलं. खरं सांगते. मग त्याच्या पलंगावर डोकं टेकून एवढी रडले की शेजारच्या पलंगावरचा माणूस उठून बाहेर गेला. आयुष्यात एकदा नवऱ्याने माझं काम वाखाणलं आणि त्याला पायात काही कळतच नव्हतं! फोड आला ते कळलं नाही, ओलं गवत कळलं नाही, जमीन कुठे आहे ते कळलं नाही म्हणून पडला. कुत्र्याला कळलं. सुन्नाने तर शहरात बसून विचारलं होतं. मी मात्र मज्जेची हाडं वाढत बसले.

आणि सुई मी ठेवली. कॉफी टाकायला उठताना टाचेच्या आतल्या अंगाला खोचली, हे आता डोळ्यांसमोर लख्ख दिसतंय.

निघताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "एक मात्र आहे. एवढ्या थंडीत बोटांना काही झालेलं नाही. बूट फार उत्तम आहेत. कुणी शिवले?"

मी डगला चढवला आणि बाहेर पडले.

१५ फेब्रुवारी

किर्स्तेकडे गेले. सोबत चीज नेलं, अख्खं. तिने दार उघडलं आणि तशीच उभी राहिली. उणे तीसमध्ये मला उंबऱ्याबाहेर ठेवून म्हणाली, "बोला."

"सुई सापडली."

"कळलं. सगळ्या गावाला कळलं."

"माझं चुकलं."

"काय म्हणालात? कुत्रा भुंकतोय, ऐकू नाही आलं."

"माझं चुकलं, किर्स्ते! आता आत घेतेस की इथेच गोठू?"

घेतलं. कॉफी दिली, माझंच चीज घालून. भाऊजींचा पाय कसा आहे विचारलं आणि एकदम रडायलाच लागली. मग मीही. लेमेत आला, आम्हा दोघींना बघून तसाच परत बाहेर गेला.

१२ मार्च

घरी आलाय. कुबडी घेऊन चालतो आणि दिवसभर कुरकुरतो. स्कूटरची किल्ली माझ्या सुईघरात आहे, कमरेला.

रोज संध्याकाळी मी त्याचे पाय मांडीवर घेते. आधी डोळ्यांनी बघते, बोटांच्या मधेसुद्धा. मग बाहेरच्या बर्फात हात बुडवून आणते आणि बोटांपासून वर सरकवत नेते. उजव्या पायाला घोट्याच्या वर गेलं की ओरडतो, "गार! गार!" त्याखाली काही नाही. कितीही हळू नेला तरी नाही. डाव्याला चवड्यावरच कधी कधी भुवई हलते. मी विचारते, "लागलं?" म्हणतो, "काय माहीत."

"काय माहीत म्हणजे? लागलं की नाही?"

"राउना, तू पोलीस आहेस का?"

हो, आहे.

२ एप्रिल

भांडण. एवढं मोठं की काळ्या पलंगाखाली गेला. आइलू म्हणतो, टाच भरलीय, पुढची स्कूटर मी नेणार. मी म्हटलं, माझ्या मढ्यावरून ने. लेमेत मान खाली घालून बसला होता. शेवटी तोच म्हणाला, "दादा, वाट तुला माहीत आहे तशी मला नाही. मागच्या वर्षी घाटात दोन माद्या गमावल्या, तुला सांगितलं नाही. तू स्लेजगाडीवर बस, माझ्या मागेच. तू सांग, मी जातो."

आइलू उठून बाहेर गेला. बराच वेळ स्कूटरवर हात ठेवून उभा होता, बंद स्कूटरवर. मला खिडकीतून दिसत होतं आणि मला त्याचा राग येत नव्हता. काय करावं तेच कळत नव्हतं.

आत आला आणि म्हणाला, "स्लेज कोण ओढणार?"

"मी," मी म्हटलं.

"म्हणजे मेलोच."

१७ एप्रिल, घाटाच्या अलीकडे

बर्फाचा थर उन्हाने मऊ व्हायच्या आत चालायचं म्हणून पहाटे निघालो. उणे सव्वीस, वारा समोरून. पुढे लेमेत, मागे मी, माझ्या स्कूटरला स्लेज आणि स्लेजमध्ये दोन कातड्यांत गुंडाळलेले आइलूमहाराज. घंटा बांधलेली मादी आमच्या मागे, तिच्यामागे सगळा कळप.

तोंड एक मिनिट बंद नाही. "लेमेत, डावीकडे! ओढ्यावरचा बर्फ खालून पोकळ आहे!" आणि मग मला, "राउना, अंगठा गोठेल, वेगाची दांडी तळहाताने दाब! मान आत घे! गुडघ्यावर बस, वारा कमी लागतो!" मला स्कूटर चालवता येत नाही असं वाटतं याला. पण खरं सांगायचं तर अंगठा वाचला.

चढ सुरू व्हायच्या आधी पाठीमागून आरोळी. "थांब! थांबा सगळे!"

मी ब्रेक मारला. लेमेत वळून धावत आला, कळप पसरायला लागला, कुत्रा वेडापिसा. "काय झालं? काय झालं, दादा?"

आइलू स्लेजमध्ये ताठ बसला होता, तोंड वाकडं करून.

"डाव्या बुटात काहीतरी टोचतंय."

मी तशीच बर्फात गुडघ्यावर बसले. हातमोजे काढले, पट्टे सोडले, बूट ओढला. गवत काडी काडी करून मोकळं केलं. चवड्याखाली एक जाड देठ निघाला, न कुटलेला, नखाएवढा.

"हे टोचलं?"

"मग काय? असलं गवत असतं का? आणि हा बूट आतून ढिला आहे, कितीदा सांगितलं. डावा उजव्यापेक्षा मोठा शिवतेस तू नेहमी."

"आणखी बोल," मी म्हटलं.

"आणखी काय? शिवण घासते. इथे, बाजूला."

"इथे?"

"अगं तिथे नाही, वर! हां, तिथे. आणि पाय गार पडतोय, बूट घाल आता!"

लेमेत कपाळावर हात मारून उभा होता. "वहिनी, एका काडीसाठी अख्खा कळप थांबवलात?"

"हो," मी म्हटलं. तो पाय मी माझ्या डगल्याच्या आत, पोटाशी धरून ठेवला आणि तिथून हलले नाही. आइलू ओरडत होता, "तुझे हात गार आहेत!"